आठ, एच आणि नियम पंधरा

मोटारीच्या लायसन्सच्या परीक्षेत मी पहिल्याच फटक्यात पास झाले. घरच्या ग्रुपवर ही बातमी नवऱ्यानं टाकली आणि संध्याकाळपर्यंत पुष्पगुच्छांची चित्रं, केकची चित्रं, धाकट्या दिरांनी पाठवलेलं एक विमानाचं चित्र, असं बरंच काही जमा झालं. परीक्षेत काय काय असतं, हे मात्र एकानंही विचारलं नाही. ‘पहिल्या फटक्यात’ एवढंच सगळ्यांना पुरलं. ही आपली दहावीपासूनची सवय. सीए असो, एमपीएससी असो, नाहीतर लायसन्स असो, काय येतं याच्या आधी कितव्यांदा बसलात ते विचारायचं. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? पन्नाशी उलटल्यावर माणसाचे निकाल फक्त पॅथॉलॉजी लॅबमधून येतात आणि त्यात शाबासकी कोणी देत नाही.

पण कौतुक ओसरल्यावर मी जरा विचार करायला बसले, की त्या ट्रॅकवर मी नेमकं काय सिद्ध केलं? उत्तर लवकर सापडलं आणि ते काही फारसं आवडलं नाही.

गाडी शिकायला मी बॅटरीपायी लागले. नवऱ्याच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं पाठोपाठ झाली आणि डॉक्टरांनी काही काळ स्टेअरिंगला हात लावू नका म्हणून बजावलं. गाडी पार्किंगमध्ये उभी. एके दिवशी गरज पडली म्हणून शेजाऱ्यांना चालू करायला सांगितली, तर बॅटरी उतरलेली. मेकॅनिक आला, चार्जिंग करून देऊन गेला आणि जाताना म्हणाला, “काकू, चालवू नका, पण दोन-तीन दिवसांनी चालू तरी करत जा.” मग मी खाली जायची, न्यूट्रल आहे ना ते बघायची, किल्ली फिरवायची आणि पेपरातलं शब्दकोडं घेऊन बसायची. इंजिनाचा आवाज ऐकून वॉचमन धावत जाऊन गेट उघडायचा आणि अदबीनं बाजूला उभा राहायचा. गेट उघडं, इंजिन चालू आणि मी सात आडवे सोडवतेय. हे किती दिवस चालणार? त्या वॉचमनच्या भिडेखातर तरी गाडी गेटाबाहेर काढणं भाग होतं.

दुचाकी मी कॉलेजपासून चालवते. आमच्या पिढीतल्या बहुतेक मुलींप्रमाणे माझीही सुरुवात लुनावर झाली. १९७२ साली कायनेटिकनं काढलेली ती पन्नास सीसीची गाडी, जिला पायडल होतं आणि चढावर ते खरोखर मारावं लागे. मी चालवली ती मामेभावाची वापरून जुनी झालेली. तिचं लायसन्स जिल्ह्याच्या गावी काढलं होतं. परीक्षा म्हणजे काय, तर एक एजंट, एक साहेब आणि एक कडुनिंब. साहेबांनी टेबलावरून मान वर न करता सांगितलं, “त्या झाडापर्यंत जाऊन या.” मी गेले, आले. तेव्हाही पहिल्याच फटक्यात पास! तिथे दुसऱ्या फटक्याची सोयच नव्हती म्हणा. झाडापर्यंत जाऊन परत न आलेलं कोणी माझ्या ऐकिवात नाही.

त्यामुळे मोटारीची परीक्षा कॅमेऱ्यासमोर, सेन्सर लावलेल्या ट्रॅकवर द्यायची असते म्हटल्यावर मी जरा हबकलेच होते.

ड्रायव्हिंग स्कूलचे सर माझ्या भाच्याच्या वयाचे. मी त्यांना सर म्हणायची, ते मला ताई. पहिल्याच दिवशी त्यांनी ओळखलं, “ताई, तुम्ही स्कूटरवाल्या दिसताय.” कारण घाबरले की माझ्या दोन्ही हातांची बोटं आपोआप वळायची, ब्रेक दाबायला. स्टेअरिंग घट्ट आवळलं जायचं आणि गाडी आपली चालतच राहायची. पाय खाली टेकवायची ऊर्मी तर कितीतरी दिवस गेली नाही. तीस वर्षं जमिनीला पाय लागणं हाच माझा शेवटचा आधार होता आणि आता तिथे पत्रा होता.

हाफ क्लच हे प्रकरण मला कोणी सांगून कळलं नाही. सर म्हणायचे, हळू सोडा, गाडी थरथरली की धरून ठेवा. मी हळू सोडायची, गाडी थरथरायची आणि बंद पडायची. मागे रिक्षा. रिक्षावाल्यांना ‘एल’ बोर्ड दिसतो की नाही हा मला पडलेला जुना प्रश्न आहे. कायद्यानं तो पांढऱ्यावर लाल, अठरा सेंटिमीटर चौकोनी असायला हवा, म्हणजे दिसत नसेल असं नाही. मग एके दिवशी पौड रस्त्यावरच्या सिग्नलला तळपायाखाली काहीतरी भरल्यासारखं लागलं, आणि मी न शिकवता थांबले. पाक एकतारी झाला हे जसं बोटांना कळतं, डोळ्यांना नाही, तसं काहीतरी. त्यानंतर गाडी बंद पडायची थांबली असं नाही, पण का बंद पडली ते मला आधी कळू लागलं आणि रिक्षावाल्याला नंतर.

त्याहून अवघड होतं ते डाव्या बाजूचं जजमेंट. स्कूटरवर आपण जेवढे असतो तेवढीच गाडी असते. इथे डावीकडे आपल्याला न दिसणारं सबंध एक माणूस बसेल एवढं अंगण, आणि त्याच्या पलीकडे आरसा. कोथरूडच्या गल्ल्यांमध्ये दोन्ही बाजूंना उभ्या गाड्यांच्या मधून जाताना मी श्वास आत ओढून घ्यायची. त्यानं गाडी बारीक होत नाही, पण सवय जात नाही.

स्कूलच्या गाडीत सरांच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक होते. शिकवायच्या गाडीला अशी दुहेरी सोय असलीच पाहिजे असा नियम आहे, आणि तो शहाणपणाचा आहे. पण त्यामुळे झालं काय, की माझी म्हणून जी काही सफाई दिसायची, तिच्यात माझे पाय किती आणि सरांचे किती, याचा पत्ता लागायचा नाही. एखादं वळण झकास जमायचं आणि मी खुशीत बाजूला बघावं तर सर शांतपणे पाय मागे घेत असायचे. स्कूलनं किमान एकवीस दिवस शिकवावं आणि त्यात प्रत्यक्ष गाडी चालवणं किमान दहा तासांचं असावं, असं नियमात आहे. दहा तास! आणि तेही चार पायांचे.

शेवटच्या आठवड्यात मात्र शिकवण्याचा नूर बदलला. रस्ता मागे पडला आणि ‘टेस्टची तयारी’ सुरू झाली. एका मोकळ्या मैदानावर सरांनी चुन्यानं रेघा आखल्या, काठ्या रोवल्या. एच काढायचा, म्हणजे गाडी एका पट्ट्यातून सरळ न्यायची, मागे घेत वळवून दुसऱ्या पट्ट्यात घालायची. “तिसरी काठी मागच्या खिडकीत दिसली की स्टेअरिंग फुल मारायचं. आरशात दोन काठ्या आल्या की सरळ करायचं. मध्ये डोकं चालवायचं नाही.” शेवटचं वाक्य सर प्रत्येकाला सांगायचे. मी ते तंतोतंत पाळलं. आठाचंही, म्हणजे इंग्रजी आठच्या आकड्यासारखी गाडी फिरवायची त्याचंही तसंच, कुठल्या खुणेशी किती फिरवायचं ते ठरलेलं. गाडी चालवणं आणि टेस्ट देणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे सरांइतकं स्वच्छ कोणालाच माहीत नव्हतं, आणि त्यांनी ते लपवलंही नाही. पालकांना निकाल हवा असतो, क्लासवाले देतात. इथे पालक मीच होते.

कागदपत्रांचं फार सांगत नाही. पूर्वी आरटीओत जाऊन जे जोडे झिजवावे लागत त्यातलं पुष्कळसं आता ‘सारथी’ या सरकारी पोर्टलवर होतं. लर्निंग काढल्यावर तीस दिवस थांबायचं, आणि सहा महिने उलटायच्या आत टेस्टची तारीख घ्यायची. चाळिशी ओलांडलेली असल्यामुळे डॉक्टरांचा दाखला लागतो. अर्जात एक प्रश्न मला आवडला: पंचवीस मीटरवरची मोटारीची नंबरप्लेट चांगल्या उजेडात, लागत असेल तर चष्मा लावून, वाचता येते का? मी आमच्या गॅलरीत उभी राहून समोरच्या सोसायटीतल्या सगळ्या नंबरप्लेट वाचून काढल्या. त्यातून कोणाकडे नवी गाडी आलीय हेही कळलं.

परीक्षा नाशिक फाट्याजवळच्या आयडीटीआरच्या, म्हणजे ड्रायव्हिंग प्रशिक्षण संस्थेच्या, ट्रॅकवर. पुण्याच्या मोटारवाल्यांना तिथेच जावं लागतं. आमची स्कूलची गाडी भल्या सकाळी निघाली, मागच्या सीटवर आम्ही तीन परीक्षार्थी, कोणी कोणाशी बोलत नव्हतं. फाट्यावर रेल्वेलाइन ओलांडून भोसरीकडे नेणारा तो दुमजली उड्डाणपूल आला आणि त्यावरचं नाव वाचून मला हसू फुटलं. जे. आर. डी. टाटा. भारतात दिला गेलेला पहिला वैमानिकाचा परवाना, नंबर एक, १० फेब्रुवारी १९२९ रोजी ज्यांना मिळाला ते हे गृहस्थ. एवढंच नाही, त्यांच्या आई सूनी टाटा या भारतात मोटार चालवणाऱ्या पहिल्या बाई, १९०५ मध्ये, असं सांगतात. लायसन्सच्या परीक्षेला निघालेल्या मंडळींनी नेमकं या पुलाजवळ यावं हा योगायोग कोणी मुद्दाम जुळवला नसणार. मी बाजूच्या मुलीला हे सांगितलं. ती म्हणाली, “काकू, तिसरी काठी की चौथी?”

रांगेत माझ्या पुढे एक गृहस्थ होते. चाळिशीचे असतील, मुळशीकडचे. बोलता बोलता कळलं की गावाकडून भाजीपाला पिकअपमधून मार्केटला आणण्यात त्यांची अर्धी हयात गेलेली. “लायसन कधी लागलंच नाही,” ते हळूच म्हणाले. आता एका कंपनीत ड्रायव्हरची जागा मिळत होती आणि तिथे कागद हवा होता. घाटात, पावसात, रात्री, मागे टनभर कोबी भरून गाडी चालवलेला माणूस. माझ्या हातांकडे बघून म्हणाले, “घाबरू नका मॅडम. गाडी कुठं जात न्हाई.”

मी पहिल्यांदा आठ काढला. खरं सांगायचं तर त्या काही मिनिटांचं मला फार कमी आठवतं. खुणा आठवतात. खांब आला, फिरवा. पट्टा दिसला, सरळ. चढावर गाडी थांबवून पुन्हा उचलायची असते, ती मागे घरंगळता कामा नये. हँडब्रेक, हाफ क्लच, थरथर, हँडब्रेक सोडा. गेली वर. हा एकच क्षण त्यात माझा स्वतःचा होता, कारण पायाखालची थरथर कोणाच्या सूत्रात बसत नाही. मग एच. तिसरा खांब, फुल. दोन खांब आरशात, सरळ. डोकं चालवलं नाही. बाहेर आले तेव्हा एका पट्टीलाही चाक लागलं नव्हतं.

मुळशीचे गृहस्थ एचमध्ये नापास झाले. सगळ्यांदेखत झालं, आम्ही कुंपणाशी उभे होतो. त्यांनी गाडी मागे घ्यायला सुरुवात केली, सफाईदार, एका हातानं स्टेअरिंग फिरवत. अर्ध्यावर त्यांना मागचं नीट दिसेना. मग त्यांनी गाडी थांबवली, खिडकीतून मान बाहेर काढून मागे बघितलं, थोडी पुढे घेतली, पुन्हा मागे. रस्त्यावर कुठलाही शहाणा माणूस गाडी मागे घेताना हेच करील. मागे पोर असेल, कुत्रं असेल, दगड असेल. पण ट्रॅकच्या हिशेबात ते मध्ये थांबणं आणि पुढेमागे करणं होतं. यंत्रानं त्याच्या नियमाप्रमाणे बरोबरच नोंदलं, त्यात कोणाचा दोष नाही. यंत्र माझा चेहरा बघत नाही, त्यांचा बघत नाही, कोणाच्या ओळखीचं नाही. कडुनिंबाच्या झाडापेक्षा हे शंभर पटीनं बरं, यात मला शंका नाही. तरीसुद्धा त्या दिवशी आम्हा दोघांपैकी कोणाच्या गाडीत मी माझ्या नातवंडांना बसवलं असतं, हे मला विचारू नका.

नापास झालेल्याला सात दिवसांनी पुन्हा बसता येतं. तीनदा नापास झाला तर मात्र साठ दिवस थांबावं लागतं. त्यांनी कोणालाच काही बोल लावला नाही. “शिकावं लागंल,” एवढंच म्हणाले आणि आमच्या सरांचा नंबर घेतला. काठ्यांचं सूत्र शिकायला.

घरी आल्यावर, कौतुक सोहळा उरकल्यावर, मी मूळ नियम काढून वाचला. तशी वेळ कोणावर येत नाही, पण मी चौतीस वर्षं एका सरकारी कचेरीत परिपत्रकं वाचण्यात घालवली आहेत, मला त्यात रस वाटतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९. त्यातला पंधरावा नियम चालकाच्या परीक्षेचा. उमेदवाराला काय काय करून दाखवता आलं पाहिजे याची त्यात यादी आहे, वीसहून जास्त कलमांची. सुरुवात साधी: आरसे नीट लावणं, इंजिन चालू करण्याआधी काळजी घेणं. मग गाडी सफाईनं हलवून सगळे गिअर टाकत टॉपपर्यंत जाणं. इथेच मी थबकले. ट्रॅकवर दुसऱ्या गिअरच्या पुढे जायला जागाच नव्हती. चढावर मागे न घरंगळता गाडी उचलणं, हे आहे. अरुंद जागेत मागे घेत शिरणं, हेही आहे. म्हणजे आठ, एच आणि चढ यांचा उगम इथलाच.

पण यादी तिथे संपत नाही. दुसऱ्याला ओलांडून जाणं, आणि दुसऱ्याला आपल्याला ओलांडू देणं. (हे दुसरं करून दाखवायला सांगितलं तर पुण्यातले निम्मे लायसन्सवाले आज नापास होतील.) वाहतूक पोलिसाच्या हाताच्या खुणांना चटकन आणि बरोबर प्रतिसाद देणं. पादचारी जिथून रस्ता ओलांडतात तिथे योग्य वागणं. पायी चालणारे, सायकलवाले, इतर गाड्यांचे चालक आता काय करतील, याचा आधीच अंदाज घेणं. लक्ष विचलित होऊ न देणं आणि आत्मविश्वास दाखवणं. आणि अगदी शेवटी, हवा कशी आहे, रस्त्याचा पृष्ठभाग कसा आहे, दिसतं किती, हे ध्यानात घेऊन रस्त्यावरच्या इतरांच्या सुरक्षिततेबद्दल सौजन्य आणि विचार दाखवणं.

सौजन्य! सरकारी नियमात, परीक्षेचा विषय म्हणून. पुण्यात त्याची परीक्षा घ्यायची तर परीक्षक कुठून आणायचे हा प्रश्न वेगळा. पण मी ती यादी पुन्हा वाचली आणि मला ज्यानं कोणी ती लिहिली त्या अधिकाऱ्याबद्दल आदर वाटला. त्याला गाडी चालवणं म्हणजे काय ते नीट माहीत होतं. पहिली काही कलमं यंत्राविषयी आहेत आणि बाकीची बरीचशी माणसांविषयी. आम्ही ट्रॅकवर पहिल्या भागाचा एक कोपरा सोडवला. माणसं तिथे नव्हतीच. कुंपणाबाहेर उभी होती.

माझी भाची इंग्लंडमध्ये रेडिंगला असते. कॉलेजपासून पुण्यात गाडी चालवणारी, सिंहगडापर्यंत एकटी जाऊन येणारी मुलगी. तिथे भारतीय लायसन्सवर राहायला आल्यापासून बारा महिने चालवता येतं, पुढे तिथलं काढावं लागतं. ती परीक्षा वाहत्या रस्त्यावर होते, साधारण चाळीस मिनिटं, त्यातली सुमारे वीस मिनिटं आपली आपण वाट काढत. किरकोळ चुका पंधरापर्यंत चालतात, गंभीर एकही नाही. १ जून १९३५ पासून ही परीक्षा तिथे सक्तीची आहे आणि आजही तिला बसणाऱ्यांतले निम्म्याहून थोडे कमीच पास होतात. आमची भाची नापास झाली. रडत फोन केला होता तिनं तेव्हा, आणि मी मनातल्या मनात म्हटलं होतं, एवढं काय असतं त्यात!

माझी टेस्ट झाल्यावर मी तिला फोन करून सविस्तर विचारलं, नेमकी कशात गेलीस? ती म्हणाली, “मावशी, चौकात. मी डावी-उजवी बघितलं, पण परीक्षकाला ते दिसलं नाही, आणि खरं सांगू का, मी बघितल्यासारखं केलं होतं.” चौकात धड न बघणं हेच तिथे नापास होण्याचं पहिल्या क्रमांकाचं कारण आहे म्हणे, आणि त्याच्या पाठोपाठ दिशा बदलताना आरसे न वापरणं. म्हणजे गाडी हाताळण्यात माणसं तितकी गचकत नाहीत, नजरेत गचकतात. तिला आणखी एका गोष्टीची सवय मोडायला वेळ लागला. समोरच्यानं हेडलाइट मारला की ती करकचून ब्रेक दाबायची. आपल्याकडे लाइट मारला म्हणजे ‘थांब, मी येतोय’. तिथले नियम सांगतात की लाइट फक्त आपण आहोत हे कळवण्यापुरता मारावा, पण लोक तो ‘जा तू आधी’ या अर्थानं मारतात. ती थांबायची, समोरचाही थांबलेला, आणि दोघं एकमेकांकडे बघत.

मी काही इंग्लंडचं कौतुक सांगायला बसलेली नाही. त्यांच्याकडे टेस्टची तारीख मिळायलाच महिनोन्‌महिने लागतात, असं तीच सांगते. आणि आपल्याकडचं रस्त्यांवरचं चित्र एकट्या परीक्षेनं बिघडलंय असंही नाही. २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यात खड्डे आहेत, दारू आहे, उलट्या दिशेनं येणारे आहेत, हेल्मेट डिकीत ठेवणारे आहेत. पण माझं मत विचाराल तर त्या दीड लाखाच्या वर आकड्याला आठ आणि एच अडवू शकत नव्हते. आजवर मी वाचलेल्या अपघातांच्या बातम्यांत कोणी एच चुकला म्हणून मेलं नाही. समोरचा आता काय करील याचा अंदाज न घेतल्यामुळे गेलेले मात्र रोज वाचतो आपण, पान तीनवर. ते कलम नियमात आधीपासून आहे.

लायसन्स घरी आलं. माझं वय बघून साठीपर्यंतचं आहे. पंचावन्ननंतर काढलं असतं तर पाच वर्षांचंच मिळालं असतं, म्हणजे सरकारनं माझ्यावर त्यातल्या त्यात विश्वासच टाकलाय. नवऱ्याचे डोळे आता उत्तम आहेत, त्यामुळे त्याला माझं सगळं चालवणं अगदी स्पष्ट दिसतं. चांदणी चौकात तो दर वेळी “आता कुठला रॅम्प?” असं विचारतो आणि मी “बोर्ड वाचू दे” म्हणेपर्यंत रॅम्प गेलेला असतो. तो भाग चुकायला पुणेकर असून चालतं, उलट पुणेकरच जास्त चुकतात.

मी मात्र एक खेळ सुरू केलाय. दर वेळी निघताना त्या यादीतलं एक कलम मनाशी घ्यायचं आणि तेवढ्यापुरती स्वतःची परीक्षा घ्यायची. दुसऱ्याला ओलांडू देण्याच्या दिवशी कर्वेनगरपासून डेक्कनपर्यंत मला इतक्या जणांनी ओलांडलं की नवऱ्यानं विचारलं, तब्येत बरी आहे ना? सायकलवाल्यांचा अंदाज घ्यायच्या दिवशी, सायकलींचं शहर म्हणवणाऱ्या या गावात, एक सायकल दिसायला वारज्यापर्यंत जावं लागलं.

परवा पादचाऱ्यांचं कलम घेतलं होतं. कर्वे रस्त्यावर मेट्रोच्या खांबांखाली झेब्रा क्रॉसिंग आहे, पट्टे अजून पुसलेले नाहीत. कडेला एक आजी उभ्या होत्या, नऊवारी, हातात मेथीच्या जुड्यांची पिशवी. मी आरशात बघितलं, ब्रेक हळूच दाबला आणि पट्ट्यांच्या अलीकडे थांबले. अगदी पुस्तकातल्यासारखी. आजी हलल्या नाहीत. मी हसून मान हलवली. त्यांनी माझ्याकडे, मग गाडीच्या चाकांकडे, मग पुन्हा माझ्याकडे संशयानं बघितलं. मी हातानं खूण केली, या. त्या आणखी एक पाऊल मागे सरकल्या. मागे हॉर्न सुरू झाले, डावीकडून दोन स्कूटर सर्रकन निघून गेल्या, तेव्हा आजींची खात्रीच पटली की यात काहीतरी डाव आहे. मी काच खाली केली आणि म्हटलं, “आजी, जा ना, तुमच्यासाठीच थांबलेय.”

त्या पिशवी छातीशी धरून म्हणाल्या, “तू जा गं बाई आधी. गाडी बिघडलीय का? बंद पडली असेल तर पोरांना सांगते ढकलायला.”

मागच्या टेम्पोवाल्यानं आता आईवरून सुरुवात केली होती. नवरा म्हणाला, “चल.” मी पहिला गिअर टाकला.